बावीस जुलै आणि वर्तुळाचा परीघ

आपण दिनांक लिहिताना आधी दिवस व मग महिना लिहितो. त्यामुळे २२ जुलै हा दिवस फळ्यावर २२/७ असा उमटतो, आणि वरच्या इयत्तेतील एखादा चलाख विद्यार्थी लगेच म्हणतो, "गुरुजी, आज तर वर्तुळाचा दिवस!" अमेरिकेत महिना आधी लिहितात, म्हणून तेथे १४ मार्च (३.१४) हा दिवस साजरा करण्याची प्रथा १९८८ साली सान फ्रान्सिस्को येथील एका विज्ञान-संग्रहालयात सुरू झाली. पुढे २०१९ साली युनेस्कोने तोच दिवस आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला. परंतु मार्चच्या मध्यास आपल्या शाळांना वार्षिक परीक्षेची चाहूल लागलेली असते. जुलैत पाऊस असतो, वह्या कोऱ्या असतात, मुले ताजी असतात. तेव्हा तळेगाव ढमढेरे व शिरूर-दौंड भागातील शाळांनी वर्तुळासाठी २२ जुलै हाच दिवस धरावा, असे सुचवावेसे वाटते.

या दिवशी मुलांस एका विलक्षण विधेयकाची गोष्ट अवश्य सांगावी. अमेरिकेतील इंडियाना राज्याच्या विधिमंडळात १८९७ च्या जानेवारी-फेब्रुवारीत ती घडली. एडवर्ड गुडविन या डॉक्टरांची अशी समजूत झाली होती की, वर्तुळाइतक्याच क्षेत्रफळाचा चौरस काढण्याची युक्ती आपणांस सापडली आहे. वस्तुतः कंपास व पट्टीने असा चौरस काढणे अशक्य आहे, हे लिंडेमान या जर्मन गणितज्ञाने १८८२ सालीच सिद्ध केले होते. डॉक्टरसाहेबांनी आपला शोध विधेयकाच्या रूपाने राज्यापुढे ठेवला आणि राज्याने तो कायद्याने मान्य केल्यास तेथील शिक्षणासाठी विनामूल्य वापरू देण्याचे कबूल केले. फुकटच्या देणगीस नको कोण म्हणणार? प्रतिनिधिगृहाने हे विधेयक ६७ विरुद्ध शून्य अशा मतांनी संमत केले! सुदैवाने वॉल्डो नावाचे गणिताचे प्राध्यापक त्या दिवशी वेगळ्याच कामासाठी तेथे आले होते. त्यांनी वरिष्ठ सभागृहातील सभासदांस खरी गोष्ट समजावून दिली व १२ फेब्रुवारी १८९७ रोजी विधेयक बेमुदत लांबणीवर पडले. तत्पूर्वी वरिष्ठ सभागृहात ते ज्या समितीकडे गेले होते, ती मद्यपानविषयक समिती होती, हे सांगितल्यावर वर्गात हशा पिकल्याशिवाय राहणार नाही.

त्या विधेयकातील एका कलमावरून परीघ व व्यास यांचे गुणोत्तर ३.२ निघत असे. एवढ्याशा फरकाने काय बिघडले असते, असे मुले विचारतील. त्यांस बैलगाडीचे जुने लाकडी चाक दाखवावे. लोखंडी धाव तापवून चाकावर चढवितात, वर पाणी ओततात आणि ती आवळून घट्ट बसते. चाकाचा व्यास १२० सेंटीमीटर असेल, तर परीघ सुमारे ३७७ सेंटीमीटर येतो. इंडियानाच्या हिशेबाने धाव ३८४ सेंटीमीटरची होईल, म्हणजे सात सेंटीमीटर सैल. ती पहिल्याच ओढ्यात निखळून पडेल. याउलट २२/७ ही किंमतही तंतोतंत नाही. पण तिने या चाकात जेमतेम दीड मिलिमीटरची चूक होते.

राजसत्तेने गणितात लक्ष घालावे तर कसे, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळच्या पाटण येथे शके ११२८ (इ. स. १२०७) चा एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापिला व निकुंभ घराण्यातील राजाने त्यास दान दिले. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे, पण शेवटचा, पैशाअडक्याचा भाग मराठीत आहे; व्यापाऱ्यास व तेल्यास तो कळावयास हवा होता ना! बाजारातील विक्रीवर राजाला मिळणारा कर मठास द्यावा, गिऱ्हाइकाकडून पाच सुपाऱ्या घ्याव्यात, तेलाच्या घाण्यामागे पळी पळी तेल द्यावे, असा तो मजकूर आहे. त्या दानाने वर्तुळाची किंमत ठरविली नाही. ती शोधणाऱ्यांच्या दिव्यात तेल घातले.

ती किंमत भास्कराचार्यांनी ११५० सालच्या सुमारास 'लीलावती'त दोन प्रकारे दिली आहे. व्यवहारास चालणारी स्थूल किंमत २२/७. सूक्ष्म किंमत ३९२७/१२५०, म्हणजे ३.१४१६. हे आकडे त्यांनी शब्दांत गुंफले. भ म्हणजे नक्षत्रे २७, नंद ९, अग्नी ३. एककाकडून डावीकडे मांडत गेले की ३९२७ होतात. तसेच ख म्हणजे आकाश अर्थात शून्य, बाण ५, सूर्य १२, झाले १२५०. याचा मोठा मौजेचा खेळ होतो. हजेरी क्रमांक २४ असलेला मुलगा 'वेदनेत्र' झाला की दिवसभर त्याच नावाने मिरवितो. π या अक्षराचा उच्चार 'पाय' होत असल्याने, खुर्चीला पाय चार आणि वर्तुळाला तीन व वर थोडेसे, हा विनोदही मुलेच करतात, करू द्यावा.

मुख्य कार्यक्रम मात्र मोजण्याचा ठेवावा. सुतळी व पट्टी घेऊन मुलांनी घमेले, सायकलचे चाक, डब्याचे झाकण, शाळेत आणलेली भाकरीसुद्धा मोजावी व परिघास व्यासाने भागावे. येथे शिक्षकाने फार सावध असले पाहिजे. प्रस्तुत लेखकाने एकदा १४ सेंटीमीटर व्यासाचे म्हणून एक झाकण वर्गात दिले. सर्वांनी परीघ ४४ लिहिला. एका मुलीने साडेचव्वेचाळीस लिहिला. तिच्या उत्तरावर मी लाल रेघ मारली. मधल्या सुटीत सहज झाकण मोजले, तो व्यास १४.२ भरला! मोजले होते ते एकट्या तिनेच. बाकीच्यांनी पुस्तकातील उदाहरण आठवून उत्तर लिहिले होते, आणि त्यांचे गुरुजी इंडियानाच्या प्रतिनिधिगृहात बसले होते. दुपारी तिची वही मागवून रेघ खोडली व वर्गास कारण सांगितले.

तेव्हा कोणाचे उत्तर ३.१ आले, कोणाचे ३.२ आले, तरी ते तसेच फळ्यावर लिहावे आणि सर्वांची सरासरी काढावी. भाकरीचे उत्तर भलतेच येईल, कारण भाकरी क्वचितच गोल असते. कोणत्या बाजूने व्यास घेतला, हा वाद मुलांस मिटवू द्यावा. दाराशी एक टोपली ठेवून प्रत्येकाकडून पाटणच्या करासारखे पाच चिंचोके घ्यावेत. पहिली-दुसरीच्या मुलांस ते वर्षभर मोजावयास उपयोगी पडतात.