काडतूस पुनर्भरण, घरगुती

उडविलेल्या काडतुसाचे रिकामे पितळी नळकांडे मूळ आकारात आणून त्यात नवी टोपी, मोजून घेतलेली दारू व नवी गोळी बसविण्याच्या क्रियेस काडतूस पुनर्भरण म्हणतात. बार उडाल्यावर टोपी, दारू व गोळी ही तिन्ही खर्ची पडतात. नळकांडे मात्र शाबूत राहते. ते सुमारे ७० टक्के तांबे व ३० टक्के जस्त असलेल्या पितळेचे असते आणि काळजीपूर्वक हाताळल्यास अनेकदा वापरता येते. त्यामुळे खर्च वाचतोच. शिवाय विशिष्ट रायफलीस मानवेल असे काडतूस तयार करता आल्याने नेमही सुधारतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत हा छंद विशेष रुजला असून तेथील पुष्कळ नेमबाज व शिकारी तळघरात किंवा मोटारीच्या गॅरेजात त्यासाठी स्वतंत्र मेज मांडतात.

हा छंद अमेरिकेत रुजण्यास टोपीची रचना बरीचशी कारणीभूत झाली. १८६६ च्या सुमारास टोपीचे दोन प्रकार पुढे आले. एडवर्ड बॉक्सर या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या टोपीत ऐरण टोपीतच बसविलेली असते व नळकांड्याच्या बुडाशी मधोमध एकच छिद्र असते. त्यातून सुई घालून जुनी टोपी सहज ढकलून काढता येते. हायरम बर्डॅन या अमेरिकनाच्या रचनेत ऐरण हा नळकांड्याचाच भाग असून छिद्रे तिच्या बाजूंना असतात. त्यामुळे टोपी काढणे जिकिरीचे होते. मौजेची गोष्ट अशी की, ब्रिटिश अधिकाऱ्याची टोपी अमेरिकेत रूढ झाली आणि अमेरिकनाची यूरोपात. १८७० नंतरच्या दशकात पश्चिमेकडील मैदानांत गव्यांची शिकार करणारे लोक आपली काडतुसे मुक्कामावरच भरीत. पुढे चिमट्यासारखी हातसाधने तयार करणारी आयडियल ही कंपनी १८८४ मध्ये निघाली व १९२५ मध्ये ती लायमन कंपनीकडे गेली. १९४३ मध्ये फ्रेड हंटिंग्टन यांनी कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल येथे आर्‌सीबीएस हा उद्योग सुरू केला. त्यानंतर मेजावर बसविण्याची मजबूत दाबयंत्रे सामान्य छंदिष्टांच्या आवाक्यात येत गेली.

काळ्या दारूच्या काळात भरणाऱ्याची चूक सहसा डोळ्यांना दिसे. ती दारू नळकांडे जवळजवळ काठोकाठ भरी, म्हणून दुसरे माप घालू गेल्यास ते बाहेर सांडे. पॉल व्ह्येय या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये बिनधुराची दारू तयार केली आणि ही सोय संपली. नायट्रोसेल्युलोजापासून केलेली ही दारू कितीतरी अधिक जोरकस असल्याने थोडीच लागते व नळकांड्यात पुष्कळदा मोकळी जागा उरते. पिस्तुलाच्या काही काडतुसांत जलद जळणाऱ्या दारूची दोन मापेही बिनबोभाट मावतात. एकदा वर गोळी बसली, की दुप्पट भरलेले किंवा मुळीच न भरलेले काडतूस बाहेरून इतरांसारखेच दिसते. दुप्पट दारूने शस्त्र फुटू शकते. दारूच नसेल, तर केवळ टोपीच्या जोराने गोळी नळीत शिरून अडकते आणि पाठोपाठ झाडलेल्या दुसऱ्या गोळीने नळी फाटते. सुरक्षिततेचे बहुतेक नियम गोळी बसण्यापूर्वीच्या या घटकेभोवती गुंफलेले आहेत.

मेजाची मांडणी : नळकांडे साच्यात ढकलताना व बाहेर ओढताना दाबयंत्राच्या दांड्यावर बराच जोर पडतो. म्हणून मेज जड फळीचे व भिंतीला किंवा जमिनीला पक्के जखडलेले असावे लागते. डुगडुगणाऱ्या मेजावर दारूचे माप एकसारखे पडत नाही. जागा कोरडी, भरपूर उजेडाची व वर्दळीपासून दूर असावी. पाणी तापविण्याची भट्टी, शेगडी व ठिणगी पाडणारी यंत्रे जवळ नसावीत. धूम्रपान वर्ज्य होय. नवशिक्याने एका वेळी एकच क्रिया करणारे दाबयंत्र घेणे इष्ट. दांड्याच्या प्रत्येक ओढीस एक काडतूस पुरे करणारी यंत्रे वेगवान असतात. परंतु त्यांत अनेक क्रिया एकदम चालत असल्याने नजर ठेवणे अनुभवी माणसासही अवघड जाते.

भरण्याची रीत : प्रथम प्रत्येक नळकांडे तपासतात. तोंडाशी चीर किंवा बुडाच्या किंचित वर उजळ कडे दिसल्यास ते टाकून देतात. असे कडे म्हणजे पितळ आतून ताणून पातळ झाल्याची खूण असते. नंतर साच्यात आकार देतात व लांबी वाढलेले नळकांडे छाटतात. त्यानंतर टोपी बसवितात आणि सर्व नळकांडी भोके पाडलेल्या लाकडी ठोकळ्यात उलटी उभी करतात. दारू घातलेले नळकांडेच तेवढे सुलटे ठेवावयाचे, असा संकेत असतो. सगळी भरून झाली, की वरून दिवा धरून ठोकळ्यातील प्रत्येक नळकांड्यात डोकावतात व दारूची पातळी सर्वत्र सारखी असल्याची खात्री पटल्यावरच गोळ्या बसवितात. हा दिवा काही रुपयांचा असतो, पण मेजावरील महागड्या यंत्रांहून त्याचे मोल अधिक म्हटले पाहिजे.

दारू ग्रेन या एककात तोलतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम. ७,००० ग्रेनांचा एक पौंड होतो. तराजू प्रमाणित वजनांनी पडताळून पाहावा लागतो. पंख्याच्या वाऱ्यानेही त्याचे माप चुकते. दारूचे प्रमाण प्रकाशित पुस्तिकेतूनच घ्यावयाचे, तेही तेथील किमान प्रमाणापासून. नंतर थोडेथोडे वाढवीत दाबाची चिन्हे पाहावयाची असतात. गोळीचे वजन, टोपीचा प्रकार व गोळी बसविण्याची खोली यांपैकी काहीही बदलले, तरी दाब बदलतो. गोळी अधिक खोल बसल्यास आतील जागा आकसून दाब वाढतो, हे नवशिक्याच्या ध्यानात सहसा येत नाही.

दारू व टोप्यांची साठवण : मेजावर एका वेळी दारूचा एकच डबा असावा. रंग, वास वा दाण्यांच्या आकारावरून दारू ओळखता येत नाही. चिठ्ठी निघालेल्या डब्यातील दारू कितीही ओळखीची वाटली, तरी वापरू नये. काम संपताच मापकातील दारू मूळ डब्यात परत करतात. मूळ डबा मुद्दाम कमकुवत केलेला असतो. आग लागल्यास तो लवकर उकलतो व दारू केवळ भडकून जळते. तीच दारू जाड लोखंडी पेटीत घट्ट बंद केली, तर पेटीचा बाँब होतो. म्हणून अमेरिकी अग्निसंरक्षण संहितेनुसार घरात २० पौंडांपर्यंत दारू मूळ डब्यांत आणि त्यावर ५० पौंडांपर्यंतची एक इंच जाडीच्या लाकडी कपाटात ठेवावी लागते. टोप्यांची मर्यादा १०,००० आहे. टोप्या दारूपेक्षा अधिक संवेदनशील असतात. त्या सुट्या बरणीत एकत्र ओतल्यास एकीबरोबर सर्व उडण्याचा धोका असतो, म्हणून कारखान्यातून आलेल्या खाचांच्या तबकांतच ठेवतात. त्या बसविताना डोळ्यांना संरक्षक चष्मा लावतात.

पूर्वी टोप्यांत पाऱ्याचे फल्मिनेट असे व त्यातील पारा पितळाला ठिसूळ करी. आता बहुतेक टोप्यांत लेड स्टिफ्नेट असते. त्यामुळे उडविलेली नळकांडी घासून स्वच्छ करताना निघणारी धूळ शिसेयुक्त असते. लहान मुलांना ती विशेष अपायकारक असल्याने हे काम राहत्या खोलीत करू नये. मेजाशी खाणेपिणे टाळून नंतर हात धुणे आवश्यक असते.

अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास संघराज्याचा परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करावयाचा असल्यास मात्र १९६८ च्या कायद्याप्रमाणे तो लागतो. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमान्वये शस्त्रे व दारूगोळा तयार करण्यास परवाना आवश्यक असून दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे घटक भागही येतात. येथील काडतूसनिर्मिती मुख्यतः कारखान्यांतून होते; महाराष्ट्रात पुण्याजवळ खडकी (स्थापना १८६९) व जळगाव जिल्ह्यात वरणगाव येथे असे सरकारी कारखाने आहेत.

भरलेल्या काडतुसांच्या प्रत्येक खोक्यावर दारूचे नाव व वजन, गोळी, टोपी व तारीख यांची चिठ्ठी लावतात आणि तीच नोंद वहीत करतात. अशी चिठ्ठी नसलेली किंवा दुसऱ्याने भरून दिलेली काडतुसे अनुभवी नेमबाज झाडीत नाहीत. जुनी झालेली दारू आंबूस, झोंबरा वास व तांबूस भुकटी यांवरून ओळखू येते. ती उष्णता निर्माण करून आपोआप पेट घेऊ शकते. म्हणून अशी चिन्हे दिसताच ती घरातून हलवून उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे नष्ट करतात.