आरसा उतरवा, बटण काचेलाच राहू द्या
घरच्या गाडीची लेखमाला : भाग ९

मे महिन्यातली दुपार. खारघरच्या सेंट्रल पार्कबाहेर बराच वेळ उन्हात तापलेली गाडी आमच्या सोसायटीत येऊन लागली होती. खालच्या मजल्यावरच्या मुलाला आतला आरसा काढून कॅमेऱ्याचा आरसा बसवायचा होता. ‘काका, जरा टॉर्च धरता का?’ म्हणाला. मी धरला. एसी पूर्ण सोडलेला होता. त्याने देठ धरून आरसा स्वतःकडे ओढला, हलेना म्हणून बुडाशी स्क्रूड्रायव्हरचं टोक खुपसलं आणि दाबलं. टक् असा बारीक आवाज आला. आरसा जागेवरच राहिला आणि काचेत बोटभर तडा उमटला. दुसऱ्या दिवशी तो कडेपर्यंत पोचला. काहीशे रुपयांच्या कामापायी हजारोंची काच बदलावी लागली. मी शेजारी गप्प उभा राहिलो, याचं मला अजून वाईट वाटतं. वायपरच्या भागानंतर लगेच हा विषय घेतला, तो त्यामुळेच.

बहुतेक गाड्यांत आरसा स्वतः काचेला चिकटवलेला नसतो. काचेला चिकटलेली असते ती धातूची छोटी चकती; गॅरेजमध्ये तिला बटण म्हणतात. आरशाचा देठ त्या बटणावर नुसता अडकवलेला असतो. आरसा बदलायला बटण काढायची गरजच नसते. त्या मुलाला हे माहीत असतं, तर काच वाचली असती.

देठ बटणावरून कसा सुटतो, ते हात लावण्याआधी पाहायचं. खाली वाकून टॉर्चने देठाचं बूड बघा. तिथे बारीक स्क्रू दिसला, तर तो अॅलन कीने किंवा चांदणीसारख्या टॉर्क्स बिटने दोन-तीन फेरे सैल करायचा. पूर्ण काढायचा नाही, कारण तो निसटून डॅशबोर्डवरच्या हवेच्या फटीत गेला की शोधणं फार अवघड. त्या फटींवर आधीच फडकं अंथरावं. मग देठ काचेला समांतर, वर छताच्या दिशेने सरकवायचा. अशी बटणं बहुधा पाचरीच्या आकाराची, खाली रुंद आणि वर निमुळती असतात. म्हणून आरसा वरच्या बाजूनेच सुटतो. स्वतःकडे ओढून सुटणार नाही.

स्क्रू नसेल, तर आत स्प्रिंगची पकड असू शकते. असा देठ बऱ्याच गाड्यांत पाव फेरा फिरवल्यावर सुटतो. कोणत्या बाजूला फिरवायचा, ते त्या मॉडेलप्रमाणे ठरतं. काही गाड्यांत तर आरसा काचेवर नसतोच, छताच्या पत्र्याला स्क्रूने बसवलेला असतो. तिथे काचेला धोका नाही. देठामागे वायर जात असेल, तर आधी तिचा कप्लर सोडवायचा. आणि तिथे पावसाचा सेन्सर किंवा कॅमेऱ्याचा मोठा डबा असेल, तर हे काम घरी करू नये. तो कॅमेरा जरा हलला, तरी पुन्हा जुळवून घ्यावा लागतो.

आता काच का फुटते ते पाहू. पुढच्या काचेत साधारण दोन-दोन मिलिमीटरचे दोन थर असतात आणि मध्ये पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा पाऊण मिलिमीटरचा पडदा असतो. फुटली तरी ती अंगावर येऊ नये, ही त्या पडद्याची कामगिरी. पण हे थर दाराच्या काचेसारखे कडक केलेले नसतात. काच दाब भरपूर सोसते, ताण मात्र सोसत नाही, आणि बारीक ओरखडा असला की सगळा ताण त्याच्या टोकाशी गोळा होतो. स्क्रूड्रायव्हरने एकाच वेळी ओरखडाही दिला आणि तरफही लावली. उन्हाने तापलेल्या काचेवर आतून गार झोत होता, त्यामुळे आतला थर आक्रसू पाहत आधीच ताणात होता. सायन-पनवेल हायवेवर डंपरमागे गाडी चालवणाऱ्यांच्या काचेवर खडीचा एखादा टवका असतोच. तसा टवका असेल, तर आणखी जपायला हवं.

बटण इतकं घट्ट का चिकटवतात, याचं उत्तर जुनं आहे. डोरोथी लेविट या इंग्रज चालक बाईंनी १९०९ च्या आपल्या पुस्तकात मागचं बघायला हातातला छोटा आरसा जवळ ठेवायचा सल्ला दिला होता. १९११ साली इंडियानापोलिसच्या शर्यतीत रे हॅरून यांनी गाडीवरच आरसा बसवला आणि ते जिंकलेही. पण विटांच्या त्या ट्रॅकवर आरसा इतका थरथरत होता, की त्यात फारसं काही दिसलं नाही, असं त्यांनीच पुढे सांगितलं. हलणारा आरसा निरुपयोगी, म्हणून पकड पक्कीच लागते.

बटणच वाकडं झालं असेल, तर ते काढावं लागतं. गाडी सावलीत लावा, एसी बंद ठेवा. केस वाळवायच्या ड्रायरने काचेच्या बाहेरून, हात सतत फिरता ठेवून, हळूहळू ऊब द्या. हीट गन नको. एकाच ठिकाणी काच तापते आणि भोवतालची थंड काच ताणली जाते. मग मासे धरायची बारीक नायलॉनची दोरी बटणामागे घालून करवतीसारखी ओढायची, किंवा पक्कडीने बटणाला सावकाश पिळा द्यायचा. सरळ ओढलं तर गोंद सुटण्याऐवजी काचेचाच शिंपल्यासारखा कपचा निघू शकतो. एवढं करूनही हललं नाही, तर थांबा आणि काचवाल्याकडे जा. कारखान्यात उष्णता आणि दाबाखाली चिकटवलेली बटणं घरी निघतीलच असं नाही.

फास्टॅगही तिथेच, आरशामागे असतो. दोरी त्याला लागू देऊ नका, ऊबही नको. तो एकदा सोलला की निकामी होतो, आणि ते कळतं कळंबोलीहून एक्स्प्रेसवेवर चढल्यावर, खालापूरच्या टोलनाक्यावर.

बटण पुन्हा बसवायला झटपट चिकटणारा घरगुती गोंद वापरू नये. तो ठिसूळ असतो, आणि उन्हात आरसा हातात येतो. आरशासाठीचा वेगळा गोंद मिळतो, तोच घ्यावा. काच स्पिरिटने पुसून कोरडी करा, जागेची खूण बाहेरच्या बाजूने करा, बटणाची उभी-आडवी दिशा दोनदा तपासा. रात्रभर बटणावर काही अडकवू नका.