मधुमेह एकच, हृदयाची जोखीम निराळी

एकाच पेढीवर बसणारे, एकाच स्वयंपाकघरातले अन्न घेणारे दोन सख्खे भाऊ आणि दोघांनाही मधुमेह, हे चित्र व्यापारी कुटुंबांत दुर्मीळ नाही. त्यांपैकी एकास पन्नाशीच्या आतच हृदयविकाराचा झटका येतो आणि दुसरा पंचाहत्तरीतही नित्यनेमाने दुकान उघडतो, हेही अनेकांनी पाहिले असेल. एकाने पथ्य पाळले नाही, असे म्हणून या फरकाचा निकाल लावला जातो. परंतु साखर, रक्तदाब, वजन, तंबाखू या सर्वांचा हिशेब मांडूनही काही शिल्लक उरते. त्या शिल्लकीचा एक भाग आनुवंशिकतेच्या खात्यावर आहे, असे संशोधन सांगते.

साखर जितकी कमी तितके हृदय सुरक्षित, हा समज स्वाभाविकच होता. तो पडताळण्यासाठी अमेरिका व कॅनडात ‘अ‍ॅकॉर्ड’ ही मोठी चाचणी झाली. हृदयविकाराची जोखीम मुळातच अधिक असलेले १०,२५१ मधुमेही तीत सहभागी होते. निम्म्या रुग्णांचे एचबीएवनसी, म्हणजे सुमारे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे माप, ६ टक्क्यांखाली आणण्याचा प्रयत्न झाला. उरलेल्यांसाठी ७ ते ७.९ टक्के हे लक्ष्य होते. निकाल अनपेक्षित लागला. कडक नियंत्रणाच्या गटात २५७ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात २०३. फेब्रुवारी २००८ मध्ये तो कडक उपचार थांबवावा लागला.

एकच उपचार कोणास तारक व कोणास मारक ठरला असेल काय? या प्रश्नाचे एक उत्तर ‘हॅप्टोग्लोबिन’ या रक्तातील प्रथिनात सापडते. तांबड्या पेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे. त्या फुटल्या की आतील हिमोग्लोबिन मोकळे होते आणि त्यातील लोह रक्तवाहिन्यांस अपाय करू शकते. हॅप्टोग्लोबिन त्यास धरून ठेवते आणि रक्तातून दूर करण्याच्या वाटेस लावते.

या प्रथिनाच्या जनुकाची दोन मुख्य रूपे आहेत. एक पित्याकडून व एक मातेकडून येते. म्हणून व्यक्ती १-१, २-१ किंवा २-२ या प्रकारांत मोडतात. ए, बी, ओ या रक्तगटांशी याचा संबंध नाही. २-२ प्रकारचे हॅप्टोग्लोबिन संरक्षणात उणे पडते. मधुमेहात हिमोग्लोबिनला साखर चिकटलेली असल्याने ही उणीव अधिकच जाणवते आणि ‘चांगले’ समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉलही आपले काम नीट करू शकत नाही. २००२ मध्ये अमेरिकेतील मूलनिवासी समाजांच्या अभ्यासात २-२ प्रकारच्या मधुमेहींमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराची शक्यता १-१ प्रकारच्या मधुमेहींच्या सुमारे पाचपट आढळली. भारतीयांमध्ये २ हे रूप जगातील बहुतेक प्रदेशांपेक्षा अधिक आढळते, ही बाब येथे विशेष लक्षणीय आहे.

२०२० मध्ये ‘अ‍ॅकॉर्ड’मधील रुग्णांची याच दृष्टीने फेरतपासणी झाली. २-२ प्रकारच्या रुग्णांना कडक नियंत्रणाने हृदयविकारापासून संरक्षण मिळालेले दिसले. इतरांना तो लाभ झाला नाही, उलट त्यांच्यात मृत्यू अधिक आढळले. तत्पूर्वी इस्रायलमध्ये ५५ वर्षांवरील, २-२ प्रकारच्या १,४३४ मधुमेहींना ‘ई’ जीवनसत्त्व किंवा औषधविरहित गोळी देऊन पाहण्यात आले. पहिल्या गटात हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना २.२ टक्के, तर दुसऱ्यात ४.७ टक्के आढळल्या. मात्र प्रकार न पाहता सरसकट ‘ई’ जीवनसत्त्व देणाऱ्या मोठ्या चाचण्यांत लाभ दिसला नव्हता. म्हणून हे वाचून कोणी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणू नयेत. हॅप्टोग्लोबिनची तपासणी अद्याप नित्याच्या उपचारांचा भाग नाही, आणि एका जनुकावर हृदयाचे भवितव्य ठरत नाही.

तरीही या संशोधनाचा बोध आजच उपयोगी पडणारा आहे. भावाला मानवलेला उपचार स्वतःस तसाच मानवेल, असे गृहीत धरू नये. साखरेचे लक्ष्य प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. घरात ‘हे रक्तातच आहे’ असे म्हणून हात टेकणे जितके चूक, तितकेच ‘माझे वडील गोड खाऊन नव्वदीपर्यंत जगले’ असे म्हणून निर्धास्त राहणेही चूक. जनुके बदलता येत नाहीत. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू आणि दिवसभराची बैठक यांवर मात्र उपाय करता येतो. ज्याची वारशाची जोखीम मोठी, त्याने हे उपाय अधिक निष्ठेने पाळावेत.

व्यापारी घराण्यांत तीन पिढ्यांच्या वह्या जपून ठेवलेल्या असतात. पण आजोबांना कितव्या वर्षी हृदयविकार झाला, हे नातवास सहसा ठाऊक नसते. पिता किंवा भावास ५५ वर्षांच्या आत, माता किंवा बहिणीस ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असेल, तर डॉक्टर त्यास महत्त्वाची खूण मानतात. कोणास मधुमेह होता, झटका केव्हा आला, मृत्यू कशाने झाला, एवढे एका पानावर लिहून पुढील तपासणीस सोबत न्यावे. यास खर्च नाही, आणि पुढच्या पिढीस त्याचा लाभ मोठा आहे.