पायाशी रोप आहे का?

गणेशगुडीहून सुप्याच्या धरणाकडे पाहिलं की मान आपोआप मागे जाते. पायापासून १०१ मीटर उंचीची भिंत, आणि तिच्यामागे अडलेली काळी नदी. ह्या भिंतीला टेकून एक झाड उभं केलं आणि त्याचा शेंडा भिंतीच्याही पंधरा मीटर वर गेला, तर ते होईल कॅलिफोर्नियातलं ‘हायपेरियन’ हे रेडवूडचं झाड. आज माहीत असलेलं जगातलं हे सर्वांत उंच झाड, साधारण ११६ मीटरचं. टास्मानियातली ‘सेंच्युरियन’ नावाची निलगिरी साधारण शंभर मीटरची आहे, म्हणजे आपल्या धरणाएवढी.

एवढ्या उंचीवर पाणी चढतं कसं, हा प्रश्न विहिरीवर पंप बसवणाऱ्या कुणालाही पडावा. काठावर ठेवलेला पंप पंचवीस फुटांखालचं पाणी ओढताना कुरकुरायला लागतो. कितीही भारी पंप आणा, हवेचा दाब पाण्याला दहा मीटरच्या वर ढकलू शकत नाही. झाड हा पेच वेगळ्याच बाजूने सोडवतं. पानांतून वाफ निघून जाते, तिच्या जागी मागचं पाणी सरकतं, त्याला चिकटून आणखी मागचं, आणि खोडातल्या केसाहून बारीक नळ्यांत पाण्याचा एक अखंड दोर मुळांपासून शेंड्यापर्यंत ताणला जातो. दोर जितका लांब तितका ताण जास्त. रेडवूडच्या शेंड्याशी तो हवेच्या दाबाच्या अठरा-वीस पट असतो. नळीत हवेचा बुडबुडा शिरला की दोर तुटला आणि ती नळी कामातून गेली. ह्या झाडांच्या शेंड्यांपर्यंत चढून काही शास्त्रज्ञांनी मोजमापं घेतली आणि २००४ साली हिशोब मांडला, की १२२ ते १३० मीटरच्या वर झाड वाढू शकणार नाही.

ही झाडं आपल्या मूळ घरापासून हजारो मैल दूरही लावलेली आहेत आणि लोक ती पाहायला गर्दी करतात. न्यूझीलंडमध्ये रोटोरुआजवळ १९०१ साली लावलेले रेडवूड सव्वाशे वर्षांत पंचाहत्तर मीटरच्या आसपास पोचले. तिथे आता झाडाझाडांतून झुलते पूल बांधले आहेत. ते पाहायला विमानाचं तिकीट लागतं. परक्या झाडांची वनं पाहायला मला मात्र रामनगरच्या घरातून बाहेर पडलं की पुरे.

आमचा उत्तर कन्नडमधला जोयडा तालुका, जुन्या कागदांत सुपा तालुका. सुपा गावच धरणाखाली गेलं, तेव्हा नाव तरी कुठे ठेवणार? इथल्या जंगलात किंदळ, ऐन, नाणा, जांभा, शिसव असं सगळं गर्दीने वाढतं. साग तर इथलाच. पण रस्त्याच्या कडेने जाताना मधेच झाडं एकदम शिस्तीत येतात. एका जाडीची, एका उंचीची, शाळेच्या प्रार्थनेला उभी केल्यासारखी. वनखात्याच्या कागदात काहीही लिहिलेलं असो, आमच्याकडे सगळे त्याला ‘प्लांटेशन’च म्हणतात. सागाचं कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. लहानपणी रक्त निघाल्याची थाप मारायला हा खेळ चालायचा. पाऊस सुरू झाला की त्याच पानांवर अळ्या तुटून पडतात आणि पानाची नुसती जाळी उरते. सागाला त्याचं फार वाटत नाही, तो पुन्हा पालवतो. हजारो वर्षांचं ते भांडण आहे, दोघांना सवय झालेली.

मला एका जुन्या वनमजुराने जंगल पाहायचा एक धडा दिला. मी वर बघत चाललो होतो. तो म्हणाला, “वर काय बघतोस? मोठं झाड कुणीही बघतं. पायाशी रोप आहे का बघ.” तेव्हापासून कुठल्याही वनात गेलो की मी आधी वाकतो. अणशीच्या बाजूला नैसर्गिक जंगलात पाय ठेवला की बोटभर, वीतभर, कमरेएवढी, पुरुषभर अशी सगळ्या वयाची पोरं दिसतात. निलगिरीच्या प्लांटेशनमध्ये खाली वाळकी पानं आणि सालीच्या पट्ट्या. धनेश तिथे येत नाही, कारण त्याच्या खाण्याचं फळ नाही आणि घरट्याला ढोलीही नाही. धनेश नाही म्हणजे त्याच्या विष्ठेतून पडणाऱ्या बियाही नाहीत.

निलगिरी ह्या नावाचीच गंमत आहे. झाड ऑस्ट्रेलियाचं. तमिळनाडूतल्या निलगिरीच्या डोंगरांवर ते १८४३ च्या सुमाराला लावलं गेलं, आणि डोंगराचं नाव आपण झाडालाच चिकटवलं. डोंगराचं नाव त्या झाडाहून कितीतरी जुनं आहे, पण आज विचारा कुणालाही, तो सांगेल की निलगिरीची झाडं आहेत म्हणून तो निलगिरी.

आमच्या जिल्ह्यात ती आली कागदासाठी. दांडेलीची कागद गिरणी १९५५ मध्ये स्थापन झाली तेव्हा आसपासच्या जंगलातला बांबू संपणारच नाही असा समज होता. तो संपायला लागला. का, ते शोधायला पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि त्यांचे सहकारी इथे हिंडले. त्यांनी सांगितलेली काट्यांची गोष्ट मला फार आवडते. कळकाच्या बेटाच्या बुडाशी काट्यांचं दाट जाळं असतं. त्याने कोंबांची वाढ खुंटते असं धरून ते साफ केलं जात होतं. इथले लोक सांगत होते की काटे काढू नका. गाडगीळांनी मोजून पाहिलं तर लोकांचंच खरं निघालं. काटे गेले की कोवळे कोंब जनावरं खाऊन टाकतात. बेट वरून स्वच्छ, देखणं दिसतं आणि खाली नवा कोंब नाही. तो वनमजूर हेच सांगत होता, फक्त आकडे न देता.

बांबूची जागा घ्यायला निलगिरी लावली. ऑस्ट्रेलियातले तिचे किडे, तिचे रोग मागे राहिले होते, त्यामुळे ती नव्या मुलखात सुसाट वाढेल हा अंदाज होता. शास्त्रात ह्याला शत्रूंपासून सुटका म्हणतात, आणि कमी पावसाच्या सपाटीवर ती बऱ्यापैकी खरी ठरली. घाटावर मात्र नवा शत्रू टपूनच बसला होता. कॅसल रॉकच्या बाजूला पाऊस मीटरांत मोजावा लागतो. त्या ओलीत एक बुरशी खोडावर फिकट गुलाबी थर धरते, साल मारते आणि पट्टा खोडाभोवती पूर्ण झाला की वरचं झाड वाळतं. हा गुलाबी रोग रबर-कॉफीवाल्यांच्या ओळखीचा होताच. उत्तर कन्नडच्या भरपूर पावसाच्या पट्ट्यात निलगिरीच्या लागवडी त्याने बसवल्या. ज्या झाडासाठी उभं जंगल तोडलं तेही गेलं.

ह्याच तोडीविरुद्ध ८ सप्टेंबर १९८३ रोजी शिरसी तालुक्यातल्या सालकणीची माणसं जंगलात शिरली आणि झाडांना बिलगली. कन्नडमध्ये मिठी मारणं म्हणजे अप्पिको. पांडुरंग हेगडे ह्यांचं नाव त्या चळवळीशी जोडलेलं आहे. मिश्र जंगल काढून एकाच जातीची झाडं लावण्याला त्यांचा विरोध होता, आणि त्या जातींत साग होता हे पुष्कळजण विसरतात. साग तर इथला मूळचा रहिवासी. पण ओळीत उभा केलेला साग त्या माणसांना जंगल वाटला नाही. गुरांना पाला, शेताला सोप्पू म्हणजे खताचा पाला, घराला मध, लोणच्याला आंबा, ह्यातलं तिथे काय मिळणार होतं? पुढे २०१७ मध्ये कर्नाटकाने निलगिरीच्या नव्या लागवडीवरच बंदी घातली. तेव्हा कारण मुख्यतः जमिनीतल्या पाण्याचं होतं.

वनमजुराची कसोटी घेऊन आता ब्रिटनमध्ये जाऊ. रेडवूडचा एक चुलतभाऊ आहे, जायंट सिकोया. उंचीला थोडा कमी, पण घेराला अवाढव्य. त्याचं बी १८५३ मध्ये इंग्लंडला आलं. वेलिंग्टनचा ड्यूक आदल्याच वर्षी वारला होता, म्हणून इंग्रजांनी झाडाला नाव दिलं वेलिंग्टनिया. निलगिरीपेक्षाही अधिक बिनसंबंधाचं. श्रीमंतांनी वाड्यांच्या वाटांवर ती झाडं लावली. स्कॉटलंडमधल्या बेनमोरचा रस्ता १८६३ चा आहे. २०२४ मध्ये लंडनच्या संशोधकांनी लेसरने मोजून सांगितलं की ही झाडं तिथे मायदेशासारखीच वाढताहेत. ब्रिटनमध्ये रेडवूड आणि सिकोया मिळून अंदाजे पाच लाख झाडं आहेत. कॅलिफोर्नियात वाढलेले मोठे सिकोया सुमारे ऐंशी हजार. आणि त्या ऐंशी हजारांतले १३ ते १९ टक्के २०२० आणि २०२१ च्या वणव्यांत गेले. मोजणी अगदी सारखी नसली, तरी पाहुणे जास्त आणि घरचे कमी असं वाटायची वेळ आली.

पण खाली वाका. ब्रिटनमधल्या ह्या झाडांखाली त्यांची आपणहून उगवलेली पोरं जवळपास दिसतच नाहीत. सिकोयाचे शंकू हिरवे, बंद, वीस-वीस वर्षं फांदीवर राहू शकतात. वणव्याची धग लागली की ते वाळून उघडतात, आणि बी पडतं ते पालापाचोळा जळून मोकळ्या झालेल्या मातीवर. बारीकसं बी आहे, जाड पाचोळ्यात त्याचं मूळ मातीपर्यंत पोचत नाही. म्हणजे झाडाला आग हवी, पण जमिनीलगत सरपटत जाणारी. शेंड्यापर्यंत चढणारी हल्लीची आग त्यालाच खाते. ब्रिटनच्या ओल्या हवेत दोन्ही आगी नाहीत. त्यामुळे झाड सुखात वाढतं आणि त्याच्यानंतरचं झाड माळ्यालाच लावावं लागतं.

रोटोरुआत कहाणी थोडी निराळी. तिथे रेडवूडच्या सावलीत न्यूझीलंडचेच झाडासारखे वाढणारे नेचे आले आहेत. छप्पर पाहुण्याचं, खाली नांदणारं घर गावचं. आमच्याकडच्या काही जुन्या, कुणी फारसं लक्ष न दिलेल्या सागाच्या ओळींतही हे दिसतं. किंदळ घुसतो, वेली चढतात, रांग मोडते. मला ही दुर्लक्ष झालेली प्लांटेशनं सर्वांत आवडतात.

ह्या फेब्रुवारीत मी हुबळीच्या पुढे सावनूरला जाऊन आलो. मराठी माणसाला सावनूर आठवतं ते १७५६ च्या पेशव्यांच्या स्वारीमुळे. मी गेलो होतो तीन झाडांसाठी. दोड्डहुणसे मठाच्या आवारात आफ्रिकेतले तीन बाओबाब आहेत, मराठीत गोरखचिंच. तीन झाडांना वन कोण म्हणणार, हे खरं. त्यासाठी मांडूला जावं, धारच्या पवारांच्या जुन्या संस्थानात. तिथे ही झाडं टेकड्यांवर विखुरलेली आहेत आणि फळाला खुरासानी इमली म्हणतात. पण आमच्या बाजूच्या माणसाला सावनूर जवळ.

पानं नव्हती. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गळून जातात. राखाडी, सुरकुतलेली, हत्तीच्या पायासारखी साल. आठ-दहा जणांनी हात धरून कवेत घ्यावं असं खोड, आणि वर त्या मानाने किरकोळ फांद्या. लाकूड कसलं, पाण्याने भरलेला स्पंजच तो. त्यात पाण्याचाच वाटा तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतो. म्हणून वयही नीट कळत नाही. गावात कुणी दोन हजार वर्षं सांगतं. अलाहाबादजवळ झूसीला गंगेकाठी असलेल्या बाओबाबचं रेडिओकार्बन पद्धतीने काढलेलं वय साडेसातशे वर्षांच्या आसपास भरलं, तेव्हा हजारांचे आकडे ऐकताना मी हसून मान डोलावतो. तिघांतलं एक झाड २०२३ च्या पावसाळ्यात उन्मळून पडलं आणि यंत्रं लावून ते पुन्हा उभं करण्यात आलं.

कन्नड दोड्डहुणसे म्हणजे मोठी चिंच. मराठीत चिंच, हिंदीत इमली. फळातला आंबट गर चाखून सगळ्यांना एकच ओळखीचं नाव सुचलं. नातं काहीही नाही. बाओबाब हा काटेसावरीच्या आणि भेंडीच्या कुळातला. त्याहून मोठी गंमत म्हणजे चिंचच मुळात आफ्रिकेची. अरबांनी तिला ‘तमर हिंद’, हिंदचं खजूर म्हटलं आणि शास्त्रीय नावातही ‘इंडिका’ बसलं. एका आफ्रिकन पाहुण्याची ओळख आपण दुसऱ्या आफ्रिकन पाहुण्यावरून करून दिली. २०१५ च्या एका जनुकीय अभ्यासात दिसलं की बाओबाब भारतात एकदाच आलेला नाही. वेगवेगळ्या काळी, आफ्रिकेच्या वेगवेगळ्या भागांतून तो येत राहिला, व्यापाऱ्यांबरोबर, सैनिकांबरोबर, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर. हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी वस्त्या आफ्रिकेतून तशाच समुद्रावरून आलेल्या माणसांच्या आहेत.

मी वाकून पाहिलं. मठाच्या त्या झाडलेल्या आवारात एकही रोप नव्हतं. आफ्रिकेत हे फळ हत्ती आणि बबून खातात आणि बी लांब नेऊन टाकतात. इथे रात्री फुलणाऱ्या फुलांना वटवाघळं मिळाली, पण बी नेणारं कुणी मिळालं नाही.

खाली पडलेलं एक फळ मी विचारून उचललं. घरी मावशीने ते बत्त्याने फोडलं. आत पांढरा, भुसभुशीत गर, त्यात मूत्रपिंडाच्या आकाराच्या काळपट बिया. मावशी जुन्या सुप्यातली. तिने कण जिभेवर ठेवला, डोळे बारीक केले आणि म्हणाली, “ओटंबाची सोलं अशीच लागतात रे.” ओटंब हे आमच्याकडचं आंबट फळ. म्हणजे आमच्या घरात त्याला आणखी एक नाव मिळालं.

बिया मी वाटीत भिजत घातल्या. आठ दिवस झाले, एकही हललेली नाही. कवच फार टणक असतं, ते खरवडल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. मावशी रोज विचारते की ते झाड आमच्या ह्या पावसात जगणार तरी कसं आणि लावणार कुठे. मी सध्या शेजाऱ्याकडून कानस मागून आणलीय.