धातू कुजत नाही

उकिरड्यावर टाकलेला पालापाचोळा कुजतो आणि त्याचे खत होते. माती सारी घाण अशीच पचवून टाकील, असे आपण धरून चालतो. पुष्कळ बाबतींत ते खरेही आहे. पण धातू मात्र माती पचवू शकत नाही.

गुरुजींनी एक प्रयोग मुलांकडून जरूर करवून घ्यावा. कुंडीतल्या ओल्या मातीत एक हिरवे पान आणि एक लोखंडी खिळा पुरून ठेवावा. काही महिन्यांनी उकरून पाहिले, तर पान कुजून गेलेले असेल. खिळ्यावर गंज चढलेला दिसेल. गंज म्हणजे प्राणवायूशी जोडले गेलेले लोखंडच. धातूने रूप पालटले, तो नाहीसा झाला नाही.

लोखंडाचे भय नाही. पण कॅडमियमसारखा विषारी धातू शेतात उतरला म्हणजे काय होते, हे जपानमधल्या तोयामा भागाने भोगले आहे. तिथल्या जिंझू नदीच्या वरच्या अंगाला कामिओका येथे जस्ताची खाण होती. जस्ताच्या खनिजात थोडे कॅडमियम असतेच. खाणीचे सांडपाणी नदीत आले, नदीचे पाणी भातखाचरांत गेले, आणि विष दाण्यात उतरले. वर्षानुवर्षे तो भात खाऊन, ते पाणी पिऊन लोकांची मूत्रपिंडे बिघडली, हाडे कमकुवत झाली. नुसत्या खोकल्याने हाड मोडे, बरं का! रोगी बहुतेक उतारवयाच्या बायका. रोगाला नावच पडले ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. तिथले डॉक्टर नोबोरू हागिनो यांनी १९६१ साली कॅडमियमकडे बोट दाखवले. सरकारने ते १९६८ साली मान्य केले. खाचरांची माती बदलण्याचे काम तर २०१२ सालापर्यंत चालले.

आता यातले रसायन पाहू. खाचरात पाणी उभे असले म्हणजे मातीत हवा शिरत नाही. तेव्हा कॅडमियम गंधकाशी जोडले जाते. हे संयुग पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून मुळांना ते घेता येत नाही. खाचर वाळवले, की हवा शिरते, संयुग फुटते आणि कॅडमियम मोकळे होऊन दाण्याकडे चढते. म्हणून जपानात अशा शेतांत भात निसवण्याच्या आधी तीन आणि नंतर तीन आठवडे पाणी उभे ठेवायला सांगतात. आंबट मातीत कॅडमियम अधिक विरघळते. तिथे चुना घातल्याने ते आवरते.

मग सगळीकडे पाणी उभे ठेवावे काय? नाही! आर्सेनिकची, म्हणजे सोमलातल्या विषाची, तऱ्हा उलटी आहे. पाणी साचले की मातीतला लोहगंज विरघळतो आणि त्याला चिकटलेले आर्सेनिक सुटे होते. एकाचा उतारा तो दुसऱ्याचा अपाय. तेव्हा मातीत कोणता धातू आहे, हे तपासून घेतल्यावाचून उपाय करू नये.

आपल्या हाती एवढे आहे: कारखान्याचे सांडपाणी तपासणीवाचून पिकाला देऊ नका. जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबे उकिरड्यावर टाकू नका. उकिरड्याचे खत शेतात जाते, आणि शेतातले धान्य आपल्याच ताटात येते, नाही का?