वस्त्राची पाठ : जयपूरच्या वस्त्रसंग्रहाचे एक वाचन

जुनी वस्त्रे व वेशभूषेची साधने जमविणे हा सामान्यतः हौसेचा विषय समजला जातो. वस्तुतः ती एक वाचनप्रक्रियाही आहे. जयपूरच्या वस्त्रपरंपरेच्या आधारे प्रस्तुत टिपणात तिचा विचार केला आहे.

आमेरच्या कछवाहा राजघराण्याच्या तोशाखान्यात सतराव्या शतकात छिटे, गालिचे इत्यादींच्या पाठीवर वा अस्तरावर नोंदी केल्या जात. दाखल झाल्याची तिथी, माप, मोल असा तपशील त्यांत येई. फेरतपासणीत नव्या नोंदीची भर पडे. पुरंदरच्या तहामुळे (१६६५) मराठी वाचकास परिचित असलेल्या मिर्झाराजा जयसिंगाच्या काळातील सनही अशा काही वस्त्रांवर आढळतात. या नोंदींचे पोथीच्या पुष्पिकेशी साम्य उघड आहे. पण एक भेदही लक्षात घ्यावा लागतो. पुष्पिका लेखनसमाप्तीची खूण असते, तर वस्त्राची पाठ पिढ्यान्‌पिढ्यांचे कारकून लिहीत राहतात. ती वस्त्राच्या निर्मितीपेक्षा त्याच्या सांभाळाची कथा सांगते.

या संग्रहातील कित्येक वस्त्रे पुढे देशोदेशीच्या संग्रहांत विखुरली. मोठ्या वस्त्राचे तुकडे झाले, अस्तर बदलले वा तुकडा चौकटीत बसवला, की दर्शनी नक्षी उरते. नोंद मात्र नष्ट होते किंवा झाकली जाते. मग काळ केवळ शैलीवरून अनुमानावा लागतो. १९७२ चा पुरावशेष कायदा शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या खासगी निर्यातीस प्रतिबंध करतो. पण वस्तू देशात राहिली म्हणजे तिचा पाठ टिकलाच, असे नव्हे.

जयपूरच्या राजवाड्यातील संग्रहालय १९५९ साली सुरू झाले. तेथे सवाई माधोसिंग पहिला याचा अवाढव्य अंगरखा पाहताना वस्त्र, धारक आणि घराणे यांचा संबंध तुटलेला नसतो. पुण्यात कवी ‘अज्ञातवासी’ अर्थात दिनकर केळकर यांनी जमविलेल्या व १९७५ साली शासनास अर्पण केलेल्या संग्रहाचे स्वरूप याहून निराळे आहे. फणी, वज्री यांसारख्या घरगुती वस्तूंची दरबारी नोंद कोण ठेवणार? त्यांची पुष्पिका घरातील वृद्ध स्त्रियांच्या स्मरणात असते. दरबारी वस्त्र लिखित परंपरेचे, तर घरगुती वस्तू मौखिक परंपरेची. म्हणून पहिल्याच्या बाबतीत पाठ जपावी लागते आणि दुसरीच्या बाबतीत आठवण वेळीच लिहून घ्यावी लागते.

संहितेचे पाठभेद काळजीपूर्वक नोंदविणाऱ्या तौलनिक अभ्यासकाने वस्त्र हाती येताच प्रथम ते उलटून पाहावे, एवढेच या विवेचनाचे सूचन आहे.