कापणी यंत्राची तेलगळती : उरणच्या खाऱ्या हवेतील एक दुखणे

उरण तालुक्याच्या पूर्व अंगास खोपटे, कोप्रोली, पिरकोन, आवरे, गोवठणे, वशेणी ही भाताची गावे आहेत. येथील पुष्कळशी शेती खारबंदिस्तीच्या आतली. भरतीचे पाणी बांधाने अडवावयाचे, पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर सोडावयाचे आणि त्या जमिनीत भात पिकवावयाचे, असा येथील पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम आहे. शेजारीच १९८९ साली जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. घरातील तरुण तिकडच्या कामाला गेले आणि कापणीस माणूस मिळेना. म्हणून भात कापणारे यंत्र किंवा ट्रॅक्टरला जोडावयाचे गवतकापणी यंत्र भाड्याने अथवा भागीत आणण्याकडे शेतकऱ्यांचा कल झाला. परंतु बांध खारे पाणी अडवतो, खारी हवा अडवीत नाही. आणि या हवेचा पहिला घाव यंत्राच्या हायड्रॉलिकवर बसतो.

कापणीचे पाते उचलणारा जो सिलिंडर असतो, त्यातून एक चकचकीत दांडा आत-बाहेर होतो. त्याची चकाकी क्रोमच्या पातळ मुलाम्याची होय. या मुलाम्यात डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात. त्यांतून मिठाचा ओलावा आत शिरला म्हणजे खालचे पोलाद गंजते व मुलामा टिकलीएवढा उडून खळगा पडतो. दांडा आत जाताना या खळग्याची धार रबरी सीलचा ओठ कापीत जाते. तेल गळू लागते.

अशा वेळी बहुतेकांना आधी नट आवळण्याचे व मग सील बदलण्याचे सुचते. नवे सील बसते, दोन-चार दिवस यंत्र कोरडे राहते आणि पुन्हा तेलाचा ओघळ दिसू लागतो. मग सीलला दोष दिला जातो. वास्तविक दोष दांड्याचा असतो. तेव्हा सील आणण्यापूर्वी इंजिन बंद करून दांडा पुसावा व त्यावर नख फिरवून पाहावे. नख कोठेच अडकत नसेल, तर बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून दांड्याभोवती गोल फिरवावा. लांबीच्या दिशेने घासू नये. तसा पडलेला ओरखडा तेलाला बाहेर येण्याची वाटच करून देतो. नख अडकले, तर दांड्यास पुन्हा क्रोम चढविणे किंवा दांडा बदलणे याखेरीज गत्यंतर नाही. हा खर्च प्रथम जड वाटतो, पण ऐन कापणीत यंत्र तीनदा उभे राहण्यापेक्षा तो हलकाच पडतो.

अर्थात प्रत्येक गळती दांड्याची नसते. होस पाइप त्याच्या लोखंडी टोपणाजवळ तडकतो, किंवा जोडातील ओ-रिंग चपटी होते. ओ-रिंगच्या जोडावर नळाची पांढरी टेप गुंडाळण्याची एक खोड आहे. तिने गळती थांबत नाही. उलट टेपचे तुकडे तेलाबरोबर जाऊन व्हॉल्व्हमध्ये अडकतात. आणि बाहेर थेंबही न दिसता उचललेले पाते आपोआप खाली बसत असेल, तर पिस्टनचे आतील सील किंवा व्हॉल्व्ह तपासावा.

गळती शोधण्याची रीत मात्र नीट समजून घ्यावयास हवी, कारण येथे प्रश्न केवळ तेलाचा नाही. ट्रॅक्टरच्या टायरात हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला एक-दोन किलोग्रॅम असतो, तर हायड्रॉलिक तेलाचा दाब दीडशे ते दोनशे किलोग्रॅमच्या आसपास असतो. सुईएवढ्या छिद्रातून सुटलेली तेलाची धार दिसतही नाही, पण ती कातडी भेदून हातात शिरते. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते व फारशी दुखतही नाही. म्हणूनच ती फसवी असते. काही तासांत हात सुजतो आणि उशीर झाल्यास बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. असे झाल्यास शेकत वा चोळत बसू नये. शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ जावे आणि दाबाखालील तेल आत गेले आहे, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

यास्तव यंत्र आधी पुसून कोरडे करावे, ते चालू असताना संशयाच्या जागेसमोर लांबून पुठ्ठा धरावा आणि त्यावर तेलाचा डाग उमटतो का ते पाहावे. हात कधीही फिरवू नये. जोड उघडण्यापूर्वी पाते जमिनीवर टेकवावे, इंजिन बंद करावे आणि हायड्रॉलिकचा दांडा दोन-चार वेळा पुढेमागे करून दाब सोडून द्यावा. पाते वर ठेवूनच काम करणे भाग असेल, तर त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे द्यावेत. तेलाच्या भरवशावर कोणी पात्याखाली जाऊ नये.

सील बसविताना त्याचा ओठ तेलाच्या बाजूस, म्हणजे आत, ठेवावा. ते कोमट तेलात बुडवून मऊ करावे व बोटांनीच बसवावे. पेचकसाच्या टोकाने त्यास ओरखडा पडतो. उघडलेल्या जोडाखाली घमेले ठेवावे. खाचरातील पाण्यावर तेलाचा तवंग पसरला तर पाण्यास हवा मिळत नाही, आणि उघाडीतून ते खाडीत गेल्यास मासळीचेही नुकसान होते.

थेंबाथेंबाचा हिशेबही करून पाहण्याजोगा आहे. सेकंदाला एक थेंब गळाला, तर आठ तासांच्या कामात सुमारे दीड लिटर तेल जाते. पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स आणि हायड्रॉलिक यांचे तेल एकच असते, म्हणजे गळतीने गिअरचेही तेल कमी होते. तेल दुधासारखे पांढरट दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजून ते बदलावे. भर घालताना यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेलेच तेल घालावे. इंजिनातून काढलेले काळे तेल तेथे चालत नाही.

उरणात यंत्राचे खरे नुकसान कामात होत नाही, ते उभे असताना होते. कापणी आटोपली की पुढील हंगामापर्यंत ते मांडवाखाली पडून राहते व सारा पावसाळा खारी हवा खाते. खारजमिनीतून आलेले यंत्र विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवावे. मिठागराशेजारच्या डबक्यातील पाणी त्यासाठी वापरू नये. वाळल्यावर दांडा शक्य तेवढा सिलिंडरच्या आत घेऊनच यंत्र उभे करावे. जेवढा भाग बाहेर राहील, त्यावर ग्रीसचा जाड थर द्यावा आणि पावसाळ्यात अधूनमधून तो पाहून पुन्हा लावावा. हंगामाच्या आरंभी यंत्र सुरू करण्यापूर्वी हे ग्रीस स्वच्छ फडक्याने पुसून काढावे, कारण त्यास चिकटलेली रेती दांड्याबरोबर सीलपर्यंत जाते.